गुडघाभर पाणी : पावसाळी भटकंतीतला सर्वांत घातक गैरसमज

समुद्रकाठचे मुंबई शहर आणि त्याच्यापासून लोकलने दोन-अडीच तासांवर उभी असलेली सह्याद्रीची भिंत यांच्या या जवळिकीमुळे, जून ते सप्टेंबर या काळात शनिवारी पहाटे कर्जतची किंवा कसाऱ्याची गाडी पकडावी आणि पाठीवर सॅक टाकून मित्रमैत्रिणींसह राजमाची, भीमाशंकर, कोथळीगड अशा ठिकाणी दोन दिवस काढून यावे, ही मुंबई-ठाण्याच्या तरुणांची रूढ रीत झाली आहे. या भटकंतीविषयी अनेक चुकीचे समज प्रचलित आहेत. परंतु त्यांपैकी एक इतक्या खात्रीने आणि इतक्या वेळा उच्चारला जातो, आणि त्याची किंमत इतकी मोठी असते, की त्याचा समाचार सविस्तर घेणे भाग आहे. फुगलेल्या ओढ्याच्या काठावर उभे राहून गटातला कोणीतरी म्हणतो, ‘गुडघाभरच तर पाणी आहे.’

वाहत्या पाण्याचा धोका खोलीवरून जोखणे हीच मुळात चूक आहे. साचलेल्या पाण्यात खोलीला महत्त्व असते. वाहत्या पाण्यात वेगाला. प्रवाह पायांवर जो जोर लावतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो आणि तिप्पट झाला की नऊपट. पाण्याची खोली अर्धा मीटर आणि प्रत्येक पायाची रुंदी बारा सेंटिमीटर धरून ढोबळ हिशेब केला, तर सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी दोन्ही पायांवर मिळून सुमारे सहा किलो वजनाइतका रेटा देते, जो धडधाकट माणूस सहज सोसतो. पण वेग सेकंदाला दोन मीटर झाला की हाच रेटा चोवीस किलोंवर जातो, आणि तीन मीटर झाला की पन्नास किलोंच्या पुढे. सेकंदाला दोन मीटर हा वेग संथपणे धावणाऱ्या माणसाचा आहे, आणि उतारावरून येणाऱ्या पावसाळी ओढ्याला तो गाठायला फारसे काही लागत नाही. त्यातच पाऊल टाकण्यासाठी एक पाय उचलला की सारा तोल दुसऱ्या पायावर येतो. पाणी वर चढू लागले की शरीर हलके होऊन तळाची पकडही सुटत जाते. कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पावलांवर त्याचे जेमतेम निम्मे वजन उरते.

ज्या तळावर पाऊल टेकायचे तो तळही सपाट नसतो. सह्याद्रीतील ओढ्यांचे पात्र म्हणजे शेवाळलेला कातळ आणि त्यावर पसरलेले लहानमोठे गोटे. दोन गोट्यांच्या फटीत पाऊल अडकले आणि मागून रेटा आला, तर माणूस पुढे पालथा पडतो, अडकलेला पाय सुटत नाही आणि पाणी त्याला दाबून ठेवते, त्यामुळे जिथे उभा माणूस गुडघ्याएवढाच भिजला असता तिथे त्याचे डोके पाण्याखाली जाते. म्हणूनच ‘मला पोहता येते’ हे आश्वासन येथे पूर्णपणे गैरलागू आहे. तलावात शिकलेले हातपाय मारणे खडकांवर आपटत नेणाऱ्या प्रवाहात उपयोगी पडत नाही, आणि त्या ओढ्याच्या पुढच्या वळणावर बहुधा धबधबा असतो.

या गैरसमजाला आणखी एका गैरसमजाची जोड असते : येथे पाऊस थांबला आहे, तेव्हा पाणी वाढणार नाही. ओढ्यात येणारे पाणी माणूस उभा असतो तिथल्या पावसाचे नसते, तर वरच्या पाणलोट क्षेत्राचे, म्हणजे ज्या भूभागावरचे पाणी उतरून त्या ओढ्याला मिळते त्या सगळ्या पठाराचे आणि उताराचे असते. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे घाटाला अडून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस देतात. या प्रतिरोध पर्जन्यामुळे पायथ्यापेक्षा माथ्यावरचा पाऊस कितीतरी अधिक असतो. मुंबईत सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सुमारे 2300 मिलिमीटर पाऊस पडतो, तर याच रांगेवरील महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या आसपास. पाऊस किती स्थानिक असू शकतो याविषयी कोणाला शंका असेल, तर भारतीय हवामान विभागाची 26 जुलै 2005 ची नोंद पुरेशी आहे : त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला सुमारे 73. एका शहराच्या दोन टोकांत एवढा फरक पडू शकतो, तर पायथ्याच्या गावातल्या उघडिपीवरून माथ्याचा अंदाज कसा बांधता येईल?

आता एक चौरस किलोमीटरचे लहानसे पठार घ्यावे आणि त्यावर तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला असे धरावे. हे पाच कोटी लिटर पाणी झाले. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेल्या काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. त्यावर मातीचा थर पातळ असतो, तोही जुलैत चिंब होऊन बसलेला असतो, आणि खालचा अखंड कातळ फारसे पाणी पीत नाही. त्यामुळे त्यातले बहुतेक पाणी ओढ्यातच उतरते, म्हणजे तासभर दर सेकंदाला दहा हजार लिटरचा एकेक टँकर ओतावा, त्याहूनही अधिक. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. सर्वत्र पाहिल्या गेलेल्या त्या चित्रफितीत ही माणसे प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी दिसतात. ती बेफिकीर होती असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. आत शिरताना जे पाणी उथळ असते, ते परतण्याच्या आत वाढते, एवढेच त्यातून दिसते.

हातात हात घालून प्रवाहाला आडवी केलेली मानवी साखळी सुरक्षित असते हाही भ्रमच आहे, कारण तीत प्रत्येकाला पाण्याचा पूर्ण रेटा बसतो आणि एक घसरला की तो शेजारच्या दोघांना ओढतो. ओलांडणे अटळच असेल, तर काठी घेतलेला दणकट गडी पुढे, प्रवाहाकडे तोंड करून, आणि बाकीचे त्याच्या मागे एका ओळीत, एकमेकांना धरून, अशी रचना करावी लागते, म्हणजे मागच्यांना त्याच्या आडोशाचे संथ पाणी मिळते. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे आधी सोडावे लागतात, म्हणजे तोल गेलाच तर ओझे टाकता येते. दोराचे एक टोक कमरेला बांधणे तर मानवी साखळीहूनही वाईट : माणूस घसरला की ताणलेला दोर त्याला एकाच जागी धरून ठेवतो आणि पाणी त्याला खाली दाबते.

इतर समज थोडक्यात सांगण्याजोगे आहेत. हिमालयापुढे सह्याद्री ठेंगणा आहे हे खरे, पण चढाई समुद्रसपाटीपासून नव्हे तर पायथ्यापासून मोजायची असते, आणि नेरळ ते माथेरान हीच चढण सातशे मीटरांहून अधिक भरते. रेंज गेली की जीपीएस बंद पडते हे चूक आहे. उपग्रहांचे संकेत फोनला नेटवर्कशिवाय मिळतात, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवावा लागतो. गडावरच्या टाक्यांतले पाणी पावसाळ्यात शुद्ध असते असे नाही, कारण आजूबाजूचे शेणमूतही त्यातच वाहून येते. ते उकळूनच प्यावे. सर्पदंशावर जखम कापणे, विष तोंडाने ओढणे आणि करकचून दोरी आवळणे हे तिन्ही उपाय जागतिक आरोग्य संघटनेने त्याज्य ठरवले आहेत. अवयव न हलवता रुग्णाला प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात नेणे हाच उपाय आहे. आणि जीन्स ही पावसातली मजबूत पँट नव्हे. भिजलेले जाड सुती कापड वाऱ्यात अंगातली ऊब झपाट्याने शोषून घेते.

ओढा ओलांडण्याची घाई मात्र बहुतेक वेळा अज्ञानातून येतच नाही, ती घड्याळातून येते : रविवारची संध्याकाळ, सोमवारचे ऑफिस, कर्जतहून सुटणारी शेवटची लोकल. याच ठिकाणी लहान पाणलोटाचा गुण कामी येतो, कारण जे पाणी झरझर चढते ते वरचा पाऊस थांबल्यावर बहुधा दोन-तीन तासांत उतरतेही. ते चढते आहे की उतरते आहे हे ओळखायला पाण्याच्या अगदी कडेला एक दगड ठेवून दहा मिनिटे पाहिले तरी पुरते : दगड बुडाला, पाणी गढूळ झाले, काटक्या आणि पाचोळा वाहून येऊ लागला किंवा ओढ्याचा आवाज जड झाला, तर जवळच्या ठाकरवाडीकडे मागे फिरावे आणि तिथल्या ओसरीवर रात्र काढण्यासाठी सॅकच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत कपड्यांचा एक कोरडा जोड आधीच बांधलेला असावा.