चार फुटांचं मार्जिन

बँकेत अडतीस वर्षं कर्ज मागायला आलेल्या माणसाला मी एक प्रश्न न चुकता विचारत आलो : 'तुमचं मार्जिन किती?' म्हणजे तुमच्या पदरचे किती, आणि धंदा फसला तर हात-पाय हलवायला जागा किती? हा प्रश्न विचारून मी कित्येकांची तोंडं उतरवली आहेत. आणि स्वतःच्या अंगणात झाड लावताना मात्र कुंपणाच्या भिंतीपासून बरोबर चार फूट सोडले. झाड पुढे पंचावन्न फूट वाढलं.

गोष्ट 1986 सालची. माझी बदली बंगलोरला झाली होती (तेव्हा बंगलोरच म्हणायचे). पंधरा ऑगस्टच्या सुमारास लालबागेत फुलांचं प्रदर्शन भरतं. ते पाहून परत निघताना बायकोनं एक कुंडी उचलली. दोन फुटांचं रोप. मधे सरळ दांडी, तिच्यावर छत्रीच्या काड्यांसारखे फांद्यांचे मजले. विक्रेता म्हणाला, "ख्रिसमस ट्री, सार. घरात ठेवा." दोन वर्षं ते आमच्या भाड्याच्या घरातल्या गॅलरीत राहिलं. 1988 मध्ये पुण्यात वडिलांच्या प्लॉटवर घर बांधलं, तेव्हा ती कुंडी मांडीवर घेऊन आम्ही रेल्वेनं आलो. दक्षिणेकडच्या कुंपणाशी मी खड्डा घेतला. बायको म्हणाली, "इथे पुरेल का जागा?" मी म्हणालो, "अगं, कुंडीतलं झाड आहे ते."

पहिली चार-पाच वर्षं दिवाळीत आम्ही त्याच्या शेंड्याला आकाशकंदील बांधायचो. मग स्टूल लागलं, मग शिडी, मग नाद सोडला. त्याच्याखाली मात्र काही जगलं नाही. मोगरा गेला, अबोली गेली. सुतळीच्या तुकड्यांसारख्या त्याच्या वाळक्या डहाळ्या पन्हाळीत साठायच्या आणि दर जूनमध्ये पहिल्या पावसाला गच्चीचं तळं व्हायचं. तरी गल्लीत पत्ता सांगताना 'ते उंच ख्रिसमसचं झाड आहे ना, तिथे' असं म्हटलं की रिक्षावाला दारात आणून सोडायचा. एवढा रुबाब घराच्या मालकाला कधी मिळाला नाही.

नाव विचाराल तर तो ख्रिसमस ट्रीही नाही आणि पाइनही नाही. अरोकेरिया नावाच्या फार जुन्या सूचिपर्णी कुळातलं हे झाड. आपल्याकडे ते नॉरफोक पाइन म्हणून विकलं जातं, पण पुष्कळदा निघतो तो त्याचा भाऊ, कुक पाइन. दोघांचंही माहेर पॅसिफिक महासागरात. 1774 मध्ये कॅप्टन कुक न्यू कॅलेडोनियाच्या किनाऱ्यानं जात असताना लांब एका बेटावर उंच काळे खांब दिसले. जहाजावरच्या विद्वानांपैकी काहींनी ठामपणे सांगितलं, की हे बेसॉल्टचे दगडी खांब आहेत. जवळ गेल्यावर झाडं निघाली. लॅटिन नावात 'खांबासारखा' असा शब्द आहे, तो यामुळेच शोभतो. आपल्या मायदेशी हे झाड जवळजवळ दोनशे फुटांपर्यंत जातं. ही माहिती मला 1988 मध्ये असती तर? खरं सांगायचं तर तरीही मी तिथेच लावलं असतं. कुंडीकडे बघून दोनशे फूट कुणाच्या डोळ्यांपुढे येतात?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. 2023 ची दिवाळी. फराळाचं ताट घेऊन मी शेजारी काकूंकडे गेलो. काकूंचं घर आमच्या दक्षिणेला, भिंतीला भिंत. वय चौऱ्याऐंशी, मुलगी नोकरी करते, दोघीच राहतात. हॉलमध्ये सोफा सरकवून काकूंची कॉट टाकलेली दिसली. मला वाटलं, तब्येत बरी नसेल. सहज विचारलं, तर मुलगी म्हणाली, "ती निसर्ग वादळापासून इथेच झोपते. तिच्या खोलीवर तुमचं झाड—"

"तू गप्प बस गं," काकू म्हणाल्या.

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 चं. कोकण किनाऱ्यावर त्यानं केलेली दैना सर्वांना ठाऊक आहे. पुण्यातही त्या दिवशी पुष्कळ झाडं पडली. आम्ही दोघं खिडकीतून आमचं झाड डोलताना बघत बसलो होतो, आणि मी कौतुकानं म्हटल्याचं मला आठवतं, "बघ, कसं टिकून आहे!" त्याच वेळी भिंतीपलीकडे एक बाई अंथरूण गोळा करून हॉलमध्ये येत होती. त्यानंतर तीन वर्षं ती स्वतःच्या खोलीत झोपली नाही. या काळात आमच्याकडून काकूंकडे तीनदा संक्रांतीचा तिळगूळ गेला, त्यांच्याकडून आंब्याचं लोणचं आलं. एका शब्दानं त्या बोलल्या नाहीत. "तुमचं हौसेचं झाड," त्या म्हणाल्या. "त्यात सांगायचं काय?"

ताट ठेवून घरी आलो आणि प्रथमच त्यांच्या बाजूनं झाडाकडे पाहिलं. ते झुकलेलं होतं. रोज बघणाऱ्याला दिसत नाही इतक्या सावकाश, पण चांगलंच. शेंडा काकूंच्या खोलीच्या छतावर होता.

माझे एक स्नेही वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांना बोलावलं. ते आले, गवंड्यासारखा ओळंबा धरून उभे राहिले आणि हसले. "झुकणारच. कुक पाइन आहे." 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास त्यांनी सांगितला. पाच खंडांतले 256 कुक पाइन मोजले गेले. विषुववृत्ताच्या उत्तरेकडची झाडं दक्षिणेला झुकलेली आणि दक्षिणेकडची उत्तरेला. म्हणजे सगळी विषुववृत्ताकडे. सरासरी साडेआठ अंश. पिसाचा मनोरा चार अंशांच्या आसपास झुकला तर लोक तिकीट काढून बघायला जातात! असं का होतं, याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही. पण हा झाडाचा रोग नव्हे, स्वभाव आहे.

मी सुटकेचा श्वास सोडला. काकूंना सांगायला उठणार, तेवढ्यात प्राध्यापक म्हणाले, "झुकण्याची भीती नाही. पण दक्षिणेला झुकलेलं झाड उत्तरेच्या मुळांनी ओढून धरलेलं असतं, तंबूच्या दोरीसारखं. ती मुळं शाबूत आहेत ना?"

इथे मला खाली बघावं लागलं. 2003 च्या टंचाईत मी जमिनीखाली पाण्याची टाकी बांधली होती. झाडाच्या उत्तरेला, बुंध्यापासून हातभर अंतरावर. खोदणाऱ्या माणसानं कुदळ थांबवून विचारलं होतं, "साहेब, मुळं लागतायत मनगटाएवढी. काय करू?" मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणालो होतो, "तोड."

तोडण्याआधी हलवता येईल का, हेही पाहिलं. वड-पिंपळ क्रेननं उचलून दुसरीकडे लावल्याच्या बातम्या आपण वाचतो. झाडं हलवून देणारा एक कंत्राटदार उत्साहानं आला. "देतो की हलवून!" मी कागद-पेन्सिल घेतली, जुनी सवय. साधा नियम असा, की खोडाच्या व्यासाच्या निदान दहापट रुंद मातीचा गोळा मुळांसकट निघाला पाहिजे. आमच्या बुंध्याचा घेर साडेचार फूट, म्हणजे व्यास साधारण दीड फुटाला थोडा कमी. गोळा चौदा फूट रुंद. चार फूट खोल धरला तर सहाशेहून जास्त घनफूट माती, आणि घनफुटाला पंचेचाळीस किलोच्या हिशेबानं नुसत्या मातीचंच वजन सत्तावीस टन! एका बाजूला टाकी, दुसऱ्या बाजूला भिंत, गल्ली वीस फुटांची. शिवाय वडाच्या फांद्या खोडापर्यंत छाटल्या तरी तो पुन्हा पालवतो. या झाडाचा सगळा डौल एका शेंड्यावर उभा असतो. त्याच्या आडव्या फांदीचं कलम लावलं तर ते रोप जन्मभर आडवंच वाढतं, जमिनीवर हात पसरल्यासारखं. उभं होणं त्याला जमत नाही. कंत्राटदार माझा कागद बघून म्हणाला, "मग तोडूनच देऊ का?" माणूस व्यवहारी होता.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत मी एक झाड तोडलं आहे. अर्ध्या पानात पडलं होतं ते. प्रत्यक्षात सहा महिने लागले, आणि लागावेतच असं माझं मत झालं आहे. शहरातलं झाड, आपल्या अंगणातलं असलं तरी, आपल्या मर्जीनं तोडता येत नाही. त्यासाठी 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनं त्यात एक हिशेब आला : तोडल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं असेल तर ते हेरिटेज वृक्ष. बँकेतल्या माणसाला हा हिशेब पटला. मुद्दल आणि व्याज दोन्ही त्यात आलं. अर्जात 'झाडाचे अंदाजे वय' या रकान्यात मी छत्तीस लिहिलं. बायकोनं कागद घेतला. "कुंडीतली दोन वर्षं? आणि घेतलं तेव्हा ते काय त्या दिवशी जन्मलं होतं?" छत्तीस खोडून चाळीस झाले. माझ्या उभ्या नोकरीत असा हिशेब तपासणारा ऑडिटर भेटला नाही.

बुंध्यावर नोटीस लागली. दोन दिवसांनी सकाळी फिरायला जाणाऱ्या एका गृहस्थांनी बेल वाजवली आणि फाटकातूनच विचारलं, "लाज नाही वाटत?" मी त्यांना आत बोलावलं, टाकी दाखवली, कापलेल्या मुळांची गोष्ट सांगितली. चहा न घेताच गेले. पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. फक्त वीस वर्षं उशिरा आला.

जानेवारीत पाहणीला आलेल्या माणसानं मान वर केली आणि म्हणाला, "वर घरटं आहे हो." घारीचं होतं. आम्हाला पत्ता नव्हता. मी काकूंकडे गेलो, आता आणखी लांबणार हे कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत. त्या खिडकीशी तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्याच खोलीत. दिवसा त्या तिथेच बसत. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "घारीचं म्हणताय ना? दर वर्षी करते. मागच्या खेपेला दोन पिल्लं उडाली. एक फार भित्रं होतं, आठ दिवस काठावरच बसून." मग सुपातून मान वर न करता, "पिल्लं उडेपर्यंत हात लावू नका. तीन वर्षं थांबले, तीन महिन्यांनी काय होतंय?"

एप्रिलच्या अखेरीस घरटं रिकामं झालं. ही बातमीही काकूंनीच भिंतीवरून दिली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तीन माणसं आली. खाली पाडायला जागा नव्हती, म्हणून वरून तुकडे करत उतरायचं ठरलं. एक किडकिडीत पोरगा फांद्यांच्या मजल्यांवर पाय देत जिन्यानं जावं तसा वर गेला, कमरेला दोर बांधून. पहिल्यांदा शेंडा आला, दोराला लटकून, गोल गोल फिरत. जमिनीवर ठेवला तेव्हा तो लालबागेतल्या रोपासारखाच दिसत होता, तोच आकार, तसेच मजले. बायको चहा घेऊन आली होती, ती ट्रे तसाच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आकाशकंदील इथे बांधायचो."

दोन दिवस काम चाललं. कापलेल्या जागी पांढरट चीक गळत होता. हाताला लागला की साबणानं जात नाही, गोडेतेल चोळावं लागतं. लाकूड फिकट, हलकं. वर्तुळं मोजायला मी चष्मा लावून बसलो, पण ती इतकी पुसट की दोनदा मोजली, दोन आकडे आले. बायकोचे चाळीस कायम ठेवले. चाळीस रोपं पावसाळ्यात लावून झाली : बहावा, कांचन, करंज, आणि बायकोच्या आग्रहानं दोन बकुळी. या वेळी मी प्रत्येक खड्ड्याचं अंतर टेप लावून मोजलं. माळी कंटाळला.

काकूंची कॉट जूनच्या पहिल्या आठवड्यात खोलीत परत गेली. ती उचलायला मी आणि त्यांची मुलगी होतो. खिडकीतून भरपूर ऊन आत येत होतं. "आता पडदा शिवायला हवा," काकू म्हणाल्या.

ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यांनी भिंतीवरून हाक मारली. बुंध्याचा हातभर खुंट आम्ही ठेवला होता, टाकीला धक्का नको म्हणून. त्याच्या कडेला तीन कोंब फुटले होते, वीतभर, हिरवेगार आणि सरळ उभे. प्राध्यापकांना फोन केला. म्हणाले, "खुंटाला आलेले कोंब उभे वाढतात. हवं तर एक काढून रुजवून बघा."

काकू भिंतीवर हात टेकून ऐकत होत्या. "रुजवा की," त्या म्हणाल्या. "पण कुंडीत हं."