काळवीट : फलकावरील दोन शब्द

प्राणिसंग्रहालयातील प्रत्येक कुंपणापाशी एक फलक असतो. प्राण्याचे नाव, शास्त्रीय नाव, आहार, गर्भकाल, वसतिस्थान इत्यादी माहिती त्यावर थोडक्यात दिलेली असते. काळविटाच्या फलकावर वसतिस्थानापुढे बहुधा ‘गवताळ प्रदेश’ एवढे दोनच शब्द आढळतात. प्रेक्षक ते वाचून पुढे जातो. वस्तुतः या प्राण्याच्या जीवनाचा उलगडा या दोन शब्दांवाचून होत नाही.

प्रथम नावाचा विचार करू. काळविटाला आपण हरीण म्हणतो. परंतु या एका शब्दात दोन निरनिराळी कुले सामावलेली आहेत. चितळ व सांबर हे सारंग होत. त्यांच्या नरांची शिंगे भरीव व शाखायुक्त असून ठरावीक काळाने गळून पडतात आणि पुन्हा नवी येतात. काळवीट हा कुरंग आहे. गाईबैलांप्रमाणे त्याच्या शिंगांत हाडाचा गाभा असून त्यावर कठीण आवरण असते. या शिंगांना फाटे फुटत नाहीत व ती जन्मभर टिकतात. प्रौढ नराची पाठ काळी किंवा गर्द तपकिरी आणि पोट पांढरे असते. मादी पिवळसर तपकिरी असून तिला सामान्यतः शिंगे नसतात. लिनीयस या शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. अँटिलोप सर्व्हिकॅप्रा हे तिचे आजचे नाव होय.

काळवीट ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावू शकतो. दाट अरण्यात असा वेग निरुपयोगी ठरला असता. उघड्या मैदानावर मात्र लपण्यास आडोसा नसतो. शत्रूला दुरून पाहणे आणि त्याच्यापेक्षा वेगाने पळणे हाच बचावाचा मार्ग. येथे त्याचा सर्वांत वेगवान शत्रू होता चित्ता. तो भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर करण्यात आले. २०२२ मध्ये आफ्रिकेतून चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. परंतु काळविटाच्या बहुतेक माळरानांवर आज लांडगा हाच त्याचा प्रमुख नैसर्गिक शत्रू आहे.

गवताळ प्रदेश म्हणजे केवळ चारा नव्हे. चरण्यासाठी काळविटाला आखूड, कोवळे गवत लागते. नवजात पाडस आरंभीचे काही दिवस उंच गवतात निपचित पडून राहते; तेच त्याचे संरक्षण. विणीच्या काळात काही ठिकाणी अनेक नर मोकळ्या जागी एकत्र येतात. प्रत्येक जण लेंड्यांच्या ढिगांनी आपली लहानशी हद्द आखतो आणि माद्या त्यांतून जोडीदार निवडतात. आखूड गवत, उंच गवत आणि मोकळी जमीन या तिन्ही गोष्टी कळपाला जवळजवळ मिळाव्या लागतात.

गुजरातमधील वेळावदर येथे हे सर्व पाहावयास मिळते. पूर्वी हे भावनगर संस्थानाचे राखीव कुरण होते आणि तेथे शिकवलेल्या चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे. १९७६ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. काळविटांबरोबर लांडगे आणि तणमोरही तेथे आश्रय घेतात. तथापि परदेशातून आणलेली वेडी बाभूळ त्या गवतातही शिरली. काळवीट तिच्या शेंगा खातो आणि लेंड्यांतून तिच्या बिया पसरवतो. अशा रीतीने आपल्याच कुरणाचा नाश करणाऱ्या झाडाला तो नकळत साहाय्य करतो.

काळवीट हा जेथे स्वभावतः संचार करतो तो देश यज्ञास योग्य, असे मनुस्मृतीत म्हटले आहे. ब्रिटिश काळापासून सरकारी दप्तरात मात्र अशा कितीतरी जमिनींची नोंद ‘पडीक’ म्हणून होत आली. झाडे नाहीत म्हणजे जमीन वाया गेली, ही समजूत त्यामागे होती. त्यामुळे माळरानांवर कोठे शेती झाली, कोठे कारखाने उभे राहिले, तर कोठे वनीकरणाच्या सद्हेतूने झाडे लावण्यात आली. कुरण नाहीसे झाले की कळप शेतात शिरतात आणि पिकाची हानी शेतकऱ्याला सोसावी लागते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार बंद केली आणि त्याचा पुष्कळ उपयोग झाला. काळविटाला आता जगातून नाहीसे होण्याचे भय उरलेले नाही, असे आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०१७ मध्ये नोंदवले. परंतु प्राणी वाचला म्हणजे त्याचे माळरान वाचले असे होत नाही. कुंपणातील काळवीट चार उड्यांत पलीकडच्या जाळीपाशी पोहोचतो; त्याच्या वेगाला तेथे वाव नाही. म्हणूनच फलकावरील ‘गवताळ प्रदेश’ हे शब्द वाचताना, आपल्या गावाजवळच्या माळाची नोंद दप्तरात कोणत्या नावाने झाली आहे, याची चौकशी वाचकाने अवश्य करावी.