घट्ट किती, सैल किती

काडतुसाच्या पितळी पुंगळीला मान असते. पुढे आवळत गेलेल्या या मानेत गोळी बसवलेली असते. मानेचे आतले माप गोळीच्या व्यासापेक्षा इंचाच्या एक-दोन हजारांश भागाने कमी ठेवतात आणि तेवढ्या फरकावर ती गोळीला धरून असते. दारू पेटली की या पकडीतून गोळी सुटते. पकड प्रत्येक काडतुसात सारखी नसेल तर गोळ्यांचा वेग कमी-जास्त होतो आणि लांबच्या निशाणावर त्या वर-खाली लागतात. ज्या देशांत नेमबाज स्वतः काडतुसे भरतात, तिथे ते मान आवळणाऱ्या डायमध्ये थोड्या लहान-मोठ्या भोकाचे बुश बदलून ही पकड जुळवतात. पितळ वरचेवर दाबले की कडक होते आणि दाब काढताच थोडे मागे उसळते, म्हणून मधूनमधून मान तापवून नरमही करतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. पुणे जिल्ह्यात हे काम खडकीच्या दारूगोळा कारखान्यात 1869 पासून चालत आले आहे.

याच जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत नेमका हाच घट्ट-सैलपणाचा प्रश्न एका वेगळ्या बंदुकीत रोज उभा राहतो. ती बंदूक भुलीचा डार्ट सोडते आणि समोर बिबट्या असतो.

कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी इथे बारमाही पाणी आणले, पाण्यामागे ऊस आला. शिरोलीचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर हे सहकारी कारखाने त्या उसावर उभे राहिले. वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या फडात बिबट्याची मादी पिल्ले घालते. भक्ष्य म्हणून कुत्री, डुकरे, शेळ्या आसपास असतातच. ऊसतोड सुरू झाली की बछडे उघड्यावर येतात आणि त्याच महिन्यांत वनखात्याचे फोन सतत वाजू लागतात.

डार्ट ही उडणारी सिरिंज आहे. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबून भरलेली हवा. सुईचे टोक बंद असते आणि औषधाची छिद्रे तिच्या बाजूला असतात. त्या छिद्रांवर सिलिकॉनची एक इवलीशी बाही चढवलेली असते. सुई कातडीत शिरली की बाही मागे सरकते, छिद्रे उघडतात आणि मागची हवा औषधाला स्नायूत ढकलते. सगळा खेळ या बाहीच्या पकडीवर आहे. ती सैल असेल तर औषध वाटेतच गळते, फार घट्ट असेल तर डार्ट लागूनही औषध आतच राहते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळी एकच दिसते: डार्ट मारला, पण बिबट्या पडला नाही.

दुसरा हिशेब वेगाचा. न्यूझीलंडच्या टिमारू गावात औषधविक्रीचा व्यवसाय करणाऱ्या कॉलिन मर्डॉक यांनी 1950 च्या दशकात भुलीची बंदूक विकसित केली. आज डार्ट सोडणाऱ्या बंदुका दोन जातींच्या आहेत. एकीत छोटे दारूचे काडतूस असते, त्याचा जोर आधीच ठरलेला असतो. दुसरीत कार्बन डायऑक्साइड वायू असतो आणि मापकावर पाहून दाब कमी-जास्त करता येतो. डॅन-इंजेक्ट या डॅनिश बनावटीच्या बंदुका या दुसऱ्या जातीच्या. 11 आणि 13 मिलिमीटरच्या नळ्या, डार्टचा आकार, अंतर यांवरून दाब ठरतो. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. तीस-चाळीस किलोच्या मादीच्या मांडीत जोराचा डार्ट लागला तर हाड मोडू शकते, छातीवर किंवा पोटावर लागला तर जीव जाऊ शकतो. जोर कमी पडला तर डार्ट आपटून खाली पडतो. माझ्या मते या बंदुकीतली सर्वांत मोलाची गोष्ट तिचा दाबमापक आहे. गोळी मारणाऱ्याला जास्त जोर चालतो, भूल देणाऱ्याला पुरेसाच हवा असतो.

म्हणून जाणकार पशुवैद्य शक्यतो उघड्यावर डार्ट मारतच नाहीत. बिबट्या पिंजऱ्यात आला की गजांमधून फुंकनळीने, अगदी जवळून, हलक्या जोराने भूल देता येते. विहिरीत पडलेल्या बिबट्याला तर डार्ट मारणे घातकच, कारण गुंगी आली की तो बुडतो. तिथे आधाराला बाज सोडायची, मग पिंजरा उतरवायचा आणि वाट पाहायची.

उघड्यावर डार्ट लागला तरी काम तिथे संपत नाही. सहसा केटामीन आणि झायलाझीन मिळून देतात. त्यांचा अंमल चढायला बहुधा पाच ते पंधरा मिनिटे जातात. तेवढ्यात बिचकलेला बिबट्या उसात शिरला तर अर्धवट गुंगीतले जनावर कुठे आहे हे कुणालाच कळत नाही. बांधावर जमलेली गर्दी, शिट्ट्या, मोबाइलचे दिवे यांनी तो आणखी भडकतो आणि औषधाचा परिणाम उशिरा होतो. झायलाझीनवर योहिंबीनसारखा उतारा आहे, केटामीनवर नाही. ते शरीरातून आपोआप उतरेपर्यंत थांबावे लागते.

नोव्हेंबर 2025 मध्ये जुन्नर वनविभागातल्याच शिरूर तालुक्यात पिंपरखेडला हल्ल्यांत माणसे दगावल्यानंतर अखेर बिबट्याला गोळी घालावी लागली. त्या रात्री आधी डार्ट मारला होता, तो चुकला. अंधारात, हलत्या जनावरावर, घाईत केलेल्या या कामात यश मिळेलच असे कुणी गृहीत धरू नये. गावकऱ्यांचा संताप मला समजतो, घरातले मूल गेलेल्यांना धीर धरा म्हणणे सोपे नाही.

आणि भूल देऊन पकडले तरी पुढे काय, हा प्रश्न उरतोच. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात जुन्नर परिसरातले चित्र स्पष्ट दिसते. बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर घराकडे फिरते, वाटेत माणसांना भिडते. आज जखमी किंवा परत सोडता न येणाऱ्या बिबट्यांची सोय माणिकडोहच्या निवारा केंद्रात होते. 2007 पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था तिथे वनखात्याबरोबर काम करते.

ऊसतोडीचे महिने थंडीचे. थंडीत वायूचा दाब उतरतो आणि डार्टमधले औषध ढकलणारे रबरी पिस्टन कडक होतात. म्हणून दुपारी जुळवून ठेवलेला दाब रात्रीच्या कॉलला तसाच चालेल असे समजत नाहीत. बंदूक बाहेरच्या हवेत थोडी ठेवायची, मापक पुन्हा बघायचा, शक्य असेल तर रिकामा डार्ट पोत्यावर मारून पाहायचा आणि सुईवर नवी बाही चढवायची. त्यानंतर अंतर मोजायचे.