पडद्यावरचा घाव, अंगावरची कळ

व्हिडिओ गेममधल्या नायकाला गोळी लागली की पडद्याच्या कडा लाल होतात, आयुष्याची पट्टी घटते आणि हातातला कंट्रोलर थरथरतो. खेळणाऱ्याला मात्र काहीच दुखत नाही. हा मार खेळाडूच्या अंगाला खरोखर जाणवावा, यासाठीचे प्रयोग गेली पंचवीस वर्षे चालू आहेत. त्यातले काही कलादालनांपुरते राहिले, काही बाजारात आले. त्यामुळे उद्याच्या गेममध्ये वेदनेला किती जागा असेल, हा प्रश्न आता केवळ कल्पनेतला राहिलेला नाही.

सुरुवात थरथरीपासून झाली. सेगा कंपनीच्या १९७६ च्या ‘मोटो-क्रॉस’ या आर्केड गेममध्ये पडद्यावरची मोटारसायकल दुसरीवर आदळली की हातातले हँडल हादरत असे. १९९७ मध्ये निन्टेन्डोचा ‘रंबल पॅक’ आणि सोनीचा ‘ड्युअलशॉक’ आला आणि हा हादरा घराघरांत पोहोचला. यंत्रणा साधी होती: मोटरच्या दांड्यावर एका बाजूला कललेले वजन, ते फिरले की कंट्रोलर थरथरतो. सोनीच्याच २०२० च्या ‘ड्युअलसेन्स’ कंट्रोलरमध्ये बटण दाबताना बोटाला विरोधही जाणवू लागला, जणू धनुष्याची दोरीच ताणली जाते आहे. यातले काहीही दुखत नाही.

दुखवण्याचे धाडस कलावंतांनी केले. जर्मनीतील कोलोन येथे फोल्कर मोरावे आणि टिलमान राइफ यांनी २००१ मध्ये ‘पेनस्टेशन’ हे टेबलाएवढे यंत्र बनवले. त्यावरचा खेळ जुनाच, ‘पाँग’: दोन फळ्या आणि एक चेंडू. दोन खेळाडू समोरासमोर उभे राहतात, उजव्या हाताने फळी हलवतात आणि डावा हात यंत्रावर टेकवून ठेवतात. चेंडू चुकला की डाव्या तळहाताला चटका बसतो, विजेचा झटका लागतो किंवा हाताच्या पाठीवर बारीक चाबूक सपकन बसतो. जो आधी हात उचलेल तो हरला. त्यामुळे कौशल्याइतकीच सहनशक्तीचीही कसोटी लागते. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये एडो स्टर्न आणि मार्क ॲलन यांनी ‘टेकन टॉर्चर टुर्नामेंट’ ही ‘टेकन’ या मारामारीच्या गेमची स्पर्धा भरवली. तिथे पडद्यावर ठोसा बसला की स्वेच्छेने खेळायला आलेल्यांच्या दंडाला विजेचा झटका बसत असे.

अशी यंत्रे सरसकट का वापरता येत नाहीत, हे कळण्यासाठी वेदना कशी निर्माण होते ते पाहावे लागते. त्वचेत आणि स्नायूंत धोका ओळखणारी चेताटोके असतात. तिथून निघालेला संदेश दोन वाटांनी जातो. जलद तंतूंमधून आधी तीक्ष्ण कळ पोहोचते आणि संथ तंतूंमधून मागून जळजळ किंवा ठसठस येते. पण या संदेशाचे दुखणे किती करायचे, हे मेंदू ठरवतो. भीती, अपेक्षा आणि लक्ष कुठे आहे, यांवर ते अवलंबून असते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ हा आभासी जगातला खेळ तयार केला. जखमेचे ड्रेसिंग चालू असताना रुग्ण बर्फाच्या दरीत हिमगोळे फेकत राहतो आणि त्याला दुखणे कमी जाणवते. खरी अडचण इथेच आहे. खेळात गुंगलेल्या माणसाला वेदना कमी भासते, आणि ती भासावी म्हणून वाढवली तर गुंगी मोडते.

वेदनेच्या जवळ नेणाऱ्या वाटा आज मुख्यतः चार आहेत. पहिली दाबाची. २००७ मध्ये बाजारात आलेल्या ‘थर्ड स्पेस’ जाकिटात हवेच्या आठ पिशव्या होत्या. गोळी ज्या बाजूने लागेल तिथली पिशवी फुगून धक्का देत असे. हे जाकीट मार्क ओम्ब्रेलारो या शल्यविशारदाने तयार केले होते आणि त्याची मूळ कल्पना दूरच्या रुग्णाला तपासण्यासाठीची होती.

दुसरी वाट विजेची. स्पेनमधील ‘ओवो’ या कंपनीच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या बनियनमधील इलेक्ट्रोड स्नायूंना सौम्य प्रवाह देतात. स्नायू आखडतो आणि ठोसा किंवा वार बसल्यासारखे वाटते. प्रवाह कुठवर चढवायचा, हे वापरणारा शरीराच्या एकेका भागासाठी आधीच ठरवून ठेवतो.

तिसरी वाट उष्णतेची आणि सर्वांत चकित करणारी. स्वीडनच्या टॉर्स्टन थुनबर्ग यांनी १८९६ मध्ये दाखवून दिले की एकाआड एक कोमट आणि गार पट्ट्यांवर हात ठेवला तर भाजल्यासारखे वाटते. साधारण ४० आणि २० अंश सेल्सिअसच्या या पट्ट्या सुट्या सुट्या लावल्या तर कोणतीच दुखत नाही, आणि त्वचेला इजाही होत नाही. इजेविना वेदना हवी असणाऱ्या गेमनिर्मात्यांना हा भ्रम फार उपयोगाचा आहे.

चौथी वाट रसायनांची. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये त्वचेवर चिकटवायची अशी पट्टी तयार केली, जिच्यातून सूक्ष्म पंपांनी द्रव सोडता येतात. मिरचीतल्या कॅप्सेसिनने ऊब, दालचिनीतल्या सिनामाल्डिहाइडने टोचणी, मेंथॉलने गारवा, तर सिचुआन मिरीतल्या सॅन्शूलने झिणझिण्या. कोकण-गोव्याच्या माशांच्या आमटीत पडणारे तिरफळ याच मिरीच्या कुळातले. कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या चेताटोकांनाच चाळवते. हा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले. या वाटेची उणीव अशी की परिणाम हळू चढतो आणि बटण दाबून लगेच उतरवता येत नाही.

मुळात कोणी पैसे देऊन दुखणे का विकत घेईल? मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी झणझणीत मिरची खाणाऱ्यांच्या अभ्यासातून याचे उत्तर दिले. शरीर धोक्याची सूचना देते आणि मन मात्र धोका नाही हे जाणून असते, या विसंगतीतच मौज असते. धोका खरा झाला की मौज संपते. आभासी जगाचे हेडसेट बनवणाऱ्या ऑक्युलस कंपनीचे संस्थापक पामर लकी यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये, गेममध्ये मेलेल्या खेळाडूला खरोखर मारू शकेल असा स्फोटके लावलेला हेडसेट बनवल्याचे जाहीर केले. ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ या जपानी कथेवरून ती कल्पना सुचली होती. तो वापरण्याचे धाडस खुद्द त्यांनीही केले नव्हते.

धोके याहून साधेही असतात. घामाने त्वचेचा विद्युतरोध कमी होतो, त्यामुळे काल सौम्य वाटलेला झटका आज जोरात लागू शकतो. पेसमेकर बसवलेल्यांनी विजेवर चालणारी अशी साधने टाळावीत. ४४ अंशांचा पृष्ठभागही काही तास त्वचेला चिकटून राहिला तर भाजते. ऑनलाइन गेममध्ये तर समोरचा अनोळखी खेळाडू दुसऱ्याच्या अंगाला त्रास देऊ शकतो. गेमची वयोमर्यादा मात्र प्रामुख्याने पडद्यावरची हिंसा आणि भाषा पाहून ठरते, अंगावरच्या यंत्राचा विचार त्यात नसतो.

म्हणून उद्याच्या गेममध्ये येणारी वेदना ही क्षणभराची चुणूक असेल, हेच शक्य आणि इष्ट आहे. असे साधन घेताना तीन गोष्टी तपासाव्यात: तीव्रता खेळणाऱ्यालाच ठरवता येते का, तिची कमाल मर्यादा यंत्रातच बांधलेली आहे का, आणि साधन एका झटक्यात बंद करता येते का. यातली एक जरी नसेल तर ते विकत घेऊ नये, आणि मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नये.