शेंडी, दाढी आणि सभेतला कॅमेरा

मराठवाड्यातल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात गेलात, तर केओलिन मातीच्या मूर्तींच्या कपाटापुढे जरा थांबा. दुहेरी साच्यातून काढलेली ही चिमुकली डोकी सातवाहन काळातली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. नाक झिजलंय, ओठ पुसट झालेत, पण केस अजून स्पष्ट आहेत. केसांची गुंफण, वर बांधलेला अंबाडा, त्यात खोवलेले दागिने असं सगळं कसब कारागिराने डोक्यावर ओतलं आहे. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक ग्रंथाच्या लेखकाने पहिल्या शतकात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर जे तगर नोंदवलं, ते हेच तेर. अशा पेठेत परका माणूस समोर आला, की तो कुठला नि कुणापैकी, हे त्याच्या तोंडून कळण्याआधी डोक्यावरून कळत असणार.

केस ही माणसाने जगाला स्वतःहून दिलेली खबर असते. ती द्यायची की नाही, हे ठरवणं त्याच्या हातात असेल तोवर ठीक असतं. दुसरा कुणी ती खबर काढून घेऊ लागला, की दुखणं सुरू होतं. आपल्याकडच्या ख्रिस्ती उपदेशकांच्या केसांचा इतिहास मला या भांडणाचाच इतिहास वाटतो.

गोव्यातलं उदाहरण सगळ्यांत उघडं आहे. पोर्तुगीज सत्तेने १७०४ साली हिंदूंवर शेंडीकर बसवला आणि तो जायला १८४० उजाडलं. म्हणजे डोक्यावरची बोटभर केसांची बट पाहून माणसाची श्रद्धा सरकारी खातेवहीत चढत होती. एका शतकाहून अधिक काळ शेंडी ठेवणं म्हणजे आपण कोण हे सांगणं आणि त्यासाठी पैसे मोजणं होतं.

गंमत म्हणजे पोर्तुगीजांच्याच कॅथलिक पंथातला एक माणूस याच्या उलट दिशेने गेला होता. रॉबेर्तो द नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ साली मदुरैला पोचला. त्याने संन्याशाची वस्त्रं घेतली, संस्कृत शिकला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या ब्राह्मणांना शेंडी नि जानवं ठेवू दिलं. त्यावरून इतर पाद्र्यांनी रान उठवलं, प्रकरण रोमला गेलं आणि १६२३ मध्ये पोप पंधराव्या ग्रेगरीने नोबिलीच्या बाजूने कौल दिला. प्रश्न फक्त रूढीचा नव्हता. शेंडी राहिली, तर धर्म बदललेला माणूस रस्त्याने जाताना ओळखू येत नव्हता. आपण होऊन सांगेपर्यंत त्याची श्रद्धा त्याच्याजवळच राहत होती.

मराठी मुलखात माणसाच्या श्रद्धेवर हक्क कुणाचा, हा पेच कोर्टात गेला तो १८४३ साली. मुंबईत नारायण शेषाद्री या तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अजून पोर होता आणि मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलाला त्यांच्या हवाली केलं. खरी परवड तिथून पुढची. मिशनऱ्यांकडे राहिलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही, यावर शहरात दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यांनाही रोष पत्करावा लागला. बाळशास्त्रींबद्दलचा माझा आदर या प्रकरणाने वाढतो. तरीही मन अडकतं ते त्या मुलापाशी. तो काय जेवला, कुणाकडे राहिला, कशाला शिवला, याची चर्चा अख्ख्या शहराने केली. त्याला स्वतःला काय वाटत होतं, हे विचारायला कुणी थांबलं असेल असं वाटत नाही.

नारायणराव पुढे रेव्हरंड झाले आणि निजामाच्या मुलखात, जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही वसाहत उभारली. तेरही तेव्हा निजामाच्याच अमलाखाली होतं. १८७३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला गेले ते डोक्याला पागोटं बांधून. धर्म बदलला तरी डोकं साहेबाचं करायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता. पंजाबातल्या साधू सुंदरसिंगाचा निर्णय नेमका उलटा. शीख घरातल्या या मुलाने आधी केस कापले, घर तुटलं, मग १९०५ साली सिमल्यात त्याने बाप्तिस्मा घेतला आणि भगवी कफनी चढवली.

पुरुषाने लांब केस राखू नयेत, असं पौलाने करिंथकरांना लिहिलं होतं. कॅथलिक धर्मगुरूंच्या टाळूवरचं गोल मुंडण पोप सहाव्या पॉलने १९७२ मध्ये रद्द केलं. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात लॉनी फ्रिसबीसारखे खांद्यापर्यंत केस वाढवलेले उपदेशक समुद्रकिनाऱ्यावर बाप्तिस्मा देत होते. आज यूट्यूबवर मराठी उपासना लावली, तर बाजूने बारीक कापलेले, वर जेल लावून उभे केलेले केस नि कोरलेली दाढी दिसते. जुन्या सभासदांना ते खटकतं. मला त्यात काही वावगं दिसत नाही. व्यासपीठावर उभं राहणारा माणूस आपला चेहरा स्वतः पुढे करत असतो.

माझी काळजी बाकांवर बसलेल्यांची आहे. वक्त्यावरून कॅमेरा फिरतो आणि डोळे मिटून बसलेल्या बाईवर थांबतो. ती आजारपणाला कंटाळून आली असेल, नुसती शेजारणीबरोबर आली असेल. पुढच्या बाकावरच्या पोराने घरी अजून तोंड उघडलेलं नसेल. थेट प्रक्षेपणातली ती दोन सेकंदं कुणीतरी स्क्रीनशॉट काढून, चेहऱ्याभोवती लाल गोल ओढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. दिवेलागणीपर्यंत सासर, माहेर, भावकी, सगळ्यांना खबर पोचलेली असते. शेंडी पागोट्याखाली झाकता यायची. चेहरा कशाखाली झाकणार?

कायद्याने याचा विचार केलेला आहे, पण अर्धाच. हिमाचल प्रदेशाच्या कायद्यात धर्मांतराआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवण्याची सक्ती होती. २०१२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. माणसाचा विश्वास ही त्याची खासगी बाब आहे, हा त्यामागचा आधार होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला एकमताने मूलभूत हक्क मानलं. त्यानंतर २०१९ च्या माहिती संरक्षण विधेयकात धर्मश्रद्धा नि जात यांना संवेदनशील माहिती म्हणून वेगळं, कडक संरक्षण होतं. २०२३ मध्ये कायदा आला तेव्हा तो वर्गच गळाला. आज कायद्याच्या लेखी मोबाइल नंबर आणि माणसाची श्रद्धा एकाच पारड्यात आहेत. हा बदल मला अजिबात मान्य नाही.

शिवाय व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती या कायद्याच्या बाहेर आहे. ग्रुपवर फोटो फिरवणारा त्याचाच आडोसा घेईल. मंडळी म्हणून चॅनेल चालवणाऱ्यांना मात्र आपण घरगुती आहोत असं म्हणणं जड जाईल. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती या कायद्याने सांगितली आहे, हे शब्बाथ शाळेतल्या पोरांचे फोटो टाकणाऱ्या प्रत्येक पाळकाला ठाऊक असायला हवं. देवळातल्या सप्ताहाचं नि दर्ग्यातल्या उरुसाचं चित्रीकरण करणाऱ्यांसाठीही तोच नियम आहे.

म्हणून मराठवाड्यातल्या पाळकांना माझी हात जोडून विनंती आहे. चित्रीकरण करा, पण कॅमेरा तिकाटण्यावर पक्का बसवून तुमच्याकडेच तोंड करून ठेवा. दारातच पाटी लावा आणि बाकांच्या डाव्या हाताच्या दोन रांगा कॅमेऱ्याबाहेर राखा. ज्यांना दिसायचं नाही, त्यांना तिथे बसू द्या. का बसलात, असं विचारू नका.