पाहुणे, निर्वासित आणि 'ती माणसे'

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या औरंगपुऱ्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. सरस्वती भुवनपासून गुलमंडीपर्यंत पणत्या, रांगोळीचे रंग आणि आकाशकंदील यांतून वाट काढीत जावे लागते. गेल्या दिवाळीत असाच वाट काढीत मी एका कापडाच्या दुकानात शिरलो. गादीवर ऐंशी उलटलेले सिंधी गृहस्थ बसले होते. एक बाई चादरींच्या भावावरून त्यांच्याशी घासाघीस करीत होत्या. शेवटी वैतागून त्या मला म्हणाल्या, "हे निर्वासित लोक! एक रुपया सोडायचे नाहीत."

गृहस्थांना मराठी उत्तम येत होते. ते हसून म्हणाले, "बाई, मला या गावात पाऊणशे वर्षे झाली. आपण कधी आलात?"

बाई चार वर्षांपूर्वी यजमानांच्या बदलीमुळे नाशिकहून आल्या होत्या!

दुकानात हशा पिकला. मी मात्र घरी येईपर्यंत एकच विचार करीत होतो. माणूस किती वर्षे निर्वासित राहतो? आणि हा शिक्का कोणाला लागावा, कोणाला लागू नये, हे ठरवते कोण?

एका गावात चार नावे

उत्तरासाठी दूर जायला नको. १९४७-४८ साली औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, निजामाच्या राज्यात होते. रझाकारांच्या धाकाने मराठवाड्यातली कितीतरी हिंदू कुटुंबे घरांना कुलपे लावून मुंबई प्रांतात आणि वऱ्हाडात गेली. माझी आजीही एक ट्रंक आणि दोन मुले घेऊन मनमाडला नातलगांच्या पडवीत राहिली. पुढे जन्मभर ती अभिमानाने सांगे, "आम्हीही निर्वासित झालो होतो हो!"

त्याच सुमारास उलट दिशेने, मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून, भ्यालेली मुसलमान कुटुंबे निजामाच्या राज्यात येत होती. उर्दूत त्यांना 'मुहाजिर' म्हणत. पैगंबरांबरोबर मक्का सोडून मदिनेला गेलेल्यांचे हे मानाचे नाव. आमच्या आळीत मात्र त्यांचे नाव होते 'निजामाने आणून बसवलेले'. माणसे तीच, भयही तेच. नाव कोणाच्या ओसरीवर बसून ठेवले, एवढाच फरक.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस कारवाई झाली आणि आजी परतली. तोवर खेड्यापाड्यांतून सूडाला भ्यालेले मुसलमान शहराकडे येऊ लागले होते. त्यांना तर कोणी नावच दिले नाही. ती नुसती 'ती माणसे'. त्यांची हकीकत समजून घेण्यासाठी पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. हैदराबाद संस्थानात मिळून २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा समितीचा अंदाज होता. तो अहवाल बासनात राहिला आणि २०१३ च्या सुमारास लोकांसमोर आला. ज्यांची बातमी होत नाही, त्यांची दया तरी कशी यावी?

मग आले सिंधी. पंजाब आणि बंगाल यांची फाळणी झाली. सिंध सबंधच पाकिस्तानात गेला. या लोकांना इकडे स्वतःचा म्हणावा असा तुकडाही उरला नाही. सरकारी कागदांत ते 'शरणार्थी' झाले. त्यांच्यातल्या अनेकांनी ते नाव नाकारून स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवून घेतले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांनी उल्हासनगर उभे केले आणि आपण त्यांच्या मालावर 'मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा विनोद केला. हात पसरला असता तर दया केली असती. दुकान थाटले, म्हणून टिंगल केली.

एकाच छावणीत दोन बिऱ्हाडे

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्ट याहून बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियाने सैबेरियात नेऊन टाकलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथे राहिले. कोल्हापूरकरांनी त्यांना पाहुणे मानले. ते गेल्यावर त्याच छावणीत सिंधी कुटुंबे आली. आज ते गांधीनगर म्हणून कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. पोलिश मंडळींच्या आठवणीसाठी २०१९ मध्ये वळिवड्यात स्तंभ उभा राहिला. छप्पर एकच, पण एक बिऱ्हाड पाहुण्यांचे आणि दुसरे निर्वासितांचे! पाहुणा जाणार असतो, म्हणून गोड वाटतो. राहायला आलेला दुकान मागतो, शाळेत जागा मागतो.

आणि त्या पोलंडचे पुढे काय झाले? २०२१ मध्ये बेलारूसच्या सीमेवरून इराक, सीरिया, अफगाणिस्तानचे लोक येऊ लागले, तेव्हा पोलंडने त्यांना परत लोटले. पुढच्याच वर्षी युक्रेनमधून लाखो माणसे आली, तेव्हा तिथल्या लोकांनी घरांची दारे उघडली. एका अमेरिकन वार्ताहराने तर पडद्यावर सांगितले, की कीव हे इराक-अफगाणिस्तानसारखे नव्हे, त्या मानाने सुसंस्कृत शहर आहे. मागाहून त्याने माफी मागितली. परंतु त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? आपली वर्तमानपत्रेही परक्या माणसांचा 'लोंढा' आला असे लिहितात. लोंढा पुराच्या पाण्याचा असतो. तो शब्द माणसांना लावला, की बांध घालण्यावाचून दुसरे काही सुचत नाही.

पाच पैशांचे तिकीट

चांगले वागणेही आपल्याला येते. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. त्या नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. त्यावर बेघर कुटुंबाचे चित्र होते. आमच्या घरी दिवाळीनंतरच्या पत्रांवर ते चिकटवताना आजी चित्रातली माणसे निरखून पाहायची.

मग तिला हटकून १९४८ सालची एक सकाळ आठवे. मनमाडहून ती नुकतीच परतली होती. दारात एक मुसलमान बाई दळणकांडणाचे काम मागायला आली. आजी दार लावणार होती. पण सवयीने तिने विचारले, "गाव कोणतं गं तुझं?" गाव निघाले आजीच्या माहेराच्या शेजारचे. दोघींना एकच नदी, एकच बाजार ठाऊक! आजीने तिला आत घेतले. त्या दिवसापासून आमच्या घरात तिचे नाव पडले 'माहेरची'. 'ती माणसे' हा शब्द आजीच्या तोंडून पुढे कधी ऐकला नाही, असे वडील सांगत.

हे सारे आठवून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या दुकानात गेलो आणि त्या गृहस्थांना विचारले, "आपलं गाव कोणतं?"

"शिकारपूर," ते म्हणाले. त्यांनी चहा मागवला आणि तिथल्या दिव्यांच्या, मिठाईच्या, लोणच्यांच्या गोष्टी सांगण्यात तासभर गेला. सहा वर्षांचे असताना सोडलेले गाव. पण गल्ली न् गल्ली पाठ होती.

निघताना मीही एक चादर घेतली. भाव मात्र त्यांनी एक रुपयाही कमी केला नाही.