भरलेली धिरडी : आधी करा, सर्वांसोबत बसा

रमजान आला की इफ्तारच्या दस्तरखानावर भजी, समोसे, पकोडे यांची गर्दी होते. हे सगळे गरमच हवे, म्हणून घरातली बाई शेवटपर्यंत कढईपाशी उभी असते. अजान होते, सगळे खजूर हातात घेतात आणि ती मात्र घाणा काढत राहते. तिचाही दिवसभराचा रोजा असतो, हे आपण विसरतो. म्हणूनच आज आम्ही भरलेल्या धिरड्यांविषयी लिहीत आहोत.

नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यात, कन्हान नदीकाठच्या आमच्या खाप्यात धिरडे कुणालाच नवे नाही. काही घरांत त्यालाच चीला म्हणतात. बेसन, कणीक, ज्वारीचे पीठ, घरात असेल ते भिजवले की झाले. पण साधे धिरडे तव्यावरून थेट ताटात पडले तरच बरे लागते. त्यामुळे करणारी सर्वांत शेवटी जेवते. त्यातच सारण भरून गुंडाळले, तर ते अर्धा-पाऊण तास आधी करून ठेवता येते.

ही युक्ती अनेक मुलखांत आहे. गोव्यात नारळ-गुळाचे सारण भरून आळेबेळे करतात, तर बंगालमध्ये पाटिसाप्टा. अफगाणिस्तानात बटाटा किंवा पातीची भाजी भरलेली बोलानी असते. मिसर, शाम आणि फिलस्तीनमध्ये रमजानचा खास पदार्थ म्हणजे कताईफ. तो एकाच बाजूने भाजतात, ओल्या बाजूवर अक्रोड किंवा गोडे चीज ठेवून कडा दाबतात, मग तळून पाकात टाकतात.

आपल्या तिखट धिरड्यांसाठी 1 वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, मीठ, हळद, ओवा आणि सुमारे 2 वाट्या पाणी घ्या. पीठ सरसरीत भिजवून 20 मिनिटे झाकून ठेवा. नुसत्या ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, धिरडे गुंडाळताना तुटते. म्हणून त्यात निम्मी कणीक घाला. सारण कोरडे हवे. पाणी आटेपर्यंत परतलेला खिमा, मेथी-बटाटा किंवा कांदा-अंडे चालते. पाव किलो खिम्यात 8 ते 10 धिरडी सहज भरतात. घरी पाहुणा आला तरी कमी पडत नाही.

गोड धिरड्यांसाठी गूळ पिठात घालू नका, तो तव्याला चिकटतो आणि लवकर करपतो. पीठ कणकेचेच, फक्त चिमूटभर मीठ घालून ठेवा. बिया काढलेले खजूर बारीक चिरून ओल्या खोबऱ्यासोबत तुपात परता, वेलची घाला. साखर लागतच नाही.

तयार धिरडी फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. उन्हाळ्यात खिम्याची मात्र फार वेळ बाहेर ठेवू नका.

आणखी एक सोय अशी की, हे काम वाटून घेता येते. एकाने तव्यावर धिरडी टाकावीत, दुसऱ्याने सारण भरावे, मुलांनी गुंडाळावीत. घरातल्या पुरुषांनीही हात लावला तर काही बिघडत नाही. अजान होईल तेव्हा चूल बंद असावी आणि दस्तरखानावर घरातले एकही माणूस कमी नसावे.